प्रयोगशाळेतील प्रणय

प्रेमकथेला अडथळा लागतो. दोन तरुण माणसे भेटली, एकमेकांस आवडली आणि विवाहबद्ध झाली, एवढ्यावर कथा उभी राहत नाही. त्याचा फार तर लग्नपत्रिकेतला मजकूर होतो. म्हणून प्रत्येक काळाच्या लेखकाने आपापल्या काळाला साजेल असा अडथळा शोधून काढलेला दिसतो. कधी दोन घराण्यांचे वैर आडवे आले, कधी पित्याचा हट्ट, कधी जात, कधी संपत्ती, तर कधी ध्येयवाद. मराठी कादंबरीच्या वाचकाला यांतील एकही अडथळा अपरिचित नाही. परंतु नायक आणि नायिका दोघेही मिळवती असतील, कोणाची संमती मागण्याचे त्यांना कारण नसेल, तर अशा दोघांच्या मध्ये लेखकाने काय उभे करावे? अलीकडच्या इंग्रजी लोकप्रिय कादंबरीने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. त्यांच्यामध्ये त्यांचे कामच उभे करावे, हे ते उत्तर.

या उत्तरातून कादंबरीचा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला. एकाच कचेरीत, एकाच रुग्णालयात किंवा एकाच प्रयोगशाळेत काम करणारी दोन कर्तबगार माणसे, प्रारंभी एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी, आणि अखेरीस एकमेकांची जिवलग, असा त्याचा सांगाडा. त्यातही प्रयोगशाळेतील प्रणयकथेला विशेष लोकप्रियता मिळवून दिली ती ॲली हेझलवूड या लेखिकेने. हे टोपणनाव आहे. लेखिका मूळची इटलीची. मेंदूविज्ञानाच्या अध्ययनासाठी ती अमेरिकेस गेली, तेथे तिने डॉक्टरेट मिळविली आणि अध्यापनही केले. २०२१ साली तिची ‘द लव्ह हायपॉथेसिस’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिचा खप पाहता पाहता वाढला. २०२२ मध्ये ‘लव्ह ऑन द ब्रेन’ आणि २०२३ मध्ये ‘लव्ह, थिऑरेटिकली’ या कादंबऱ्या तिच्यामागून आल्या. या दोहोंमध्ये नायक-नायिका शास्त्रज्ञ तर आहेतच, शिवाय एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. लेखिकेने ते जग आतून पाहिलेले असल्यामुळे अनुदानाची विवंचना, निवडसमित्यांचे राजकारण, परिषदांमधील मानापमान, रात्री-अपरात्री चालणारे प्रयोग, या गोष्टी तिच्या लेखनात सहजपणे येतात.

अशा कादंबऱ्या फावल्या वेळी वाचावयाच्या आणि बाजूला ठेवावयाच्या, असे पुष्कळांचे मत असते. करमणूक हा त्यांचा हेतू आहे, हे त्यांची लेखिकाही नाकारणार नाही. परंतु लोकप्रिय कथा ज्या गोष्टीभोवती पुन्हा पुन्हा घोटाळते, तेथे समाजाच्या मनातील काही तरी दुखरे असते. प्रयोगशाळेतील स्पर्धा आणि प्रयोगशाळेतील प्रेम हे दोन विषय एकत्र यावेत आणि लक्षावधी वाचकांना ते रुचावेत, यालाही असेच एक कारण आहे. ते समजून घेण्यासाठी ‘लव्ह ऑन द ब्रेन’ या कादंबरीकडे थोडे बारकाईने पाहणे उपयोगाचे ठरेल.

या कादंबरीची नायिका बी ही मेंदूविज्ञानातील संशोधिका आहे. तिचे आडनाव क्योनिग्सवासर. या जर्मन शब्दाचा अर्थ अम्लराज, म्हणजे सोन्यालाही विरघळविणारे ते तीव्र अम्लांचे मिश्रण. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ती नोकरीस आहे. अंतराळवीरांसाठी एक विशेष शिरस्त्राण तयार करावयाचे, मेंदूला बाहेरून चेतना देऊन त्यांचे अवधान अधिक तल्लख करावयाचे, अशी एक योजना ‘नासा’ ही अंतराळ संस्था हाती घेते आणि तिचे नेतृत्व करण्याची संधी बीला मिळते. आनंदाने ती ह्यूस्टनला जाते. मात्र या योजनेचे नेतृत्व एकटीकडे नसून विभागून आहे, आणि दुसरा प्रमुख आहे लेव्ही वॉर्ड नावाचा अभियंता. विद्यार्थिदशेत हा लेव्ही तिच्याशी धड बोलत नसे, तिची सावलीही टाळीत असे. आपला हा मनुष्य मनापासून तिरस्कार करतो, अशी तिची तेव्हापासूनची खात्री.

ह्यूस्टनला गेल्यावर या खात्रीला पुरावेही मिळू लागतात. तिची यंत्रसामग्री वेळेवर पोहोचत नाही. तिच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत. सहकारी तिला दाद देत नाहीत. हे सर्व लेव्हीच घडवून आणीत आहे, असा तिचा तर्क होतो. वस्तुतः हा दोष त्याचा नसतो. वरच्या पातळीवर चाललेल्या ओढाताणीचा तो परिणाम असतो. दरम्यान कथेला दुसरा एक पदर आहे. विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांच्या अडचणींविषयी बी एका टोपणनावाने लिहीत असते. त्या वेळी ट्विटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावरील तिच्या या लेखनाचे शीर्षकच असे की, अशा प्रसंगी मारी क्यूरीने काय केले असते? या लेखनातून तिची एका अनामिक सहकाऱ्याशी मैत्री जुळते. त्याच्याजवळ ती मन मोकळे करते, त्याचा सल्ला मागते, त्याच्या सुखदुःखाची चौकशी करते. हा अनामिक मित्र म्हणजेच लेव्ही, हे वाचकाच्या ध्यानात लवकर येते. नायिकेच्या ध्यानात मात्र फार उशिरा.

हा डाव नवा नाही. १९३७ साली मिक्लोश लासलो या हंगेरियन नाटककाराने ‘परफ्युमरी’ या नावाचे नाटक लिहिले. दुकानात दिवसभर भांडणारे दोन नोकर आणि तेच दोघे एकमेकांना न ओळखता लिहीत असलेली प्रेमपत्रे, हा त्याचा विषय. त्यावरून १९४० मध्ये एर्न्स्ट लुबिच याने ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट काढला आणि १९९८ मध्ये त्याच कथेला ‘यू हॅव गॉट मेल’ या चित्रपटाने संगणकाच्या पत्रव्यवहाराचे नवे रूप दिले. त्याहूनही मागे जावयाचे तर जेन ऑस्टेनची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आहे. तेथे नायिकेने नायकाविषयी करून घेतलेला प्रतिकूल ग्रह पुरावा समोर येताच तिला टाकावा लागतो. आणि मराठी रसिकाला तर यासाठी परदेशी जाण्याचे कारणच नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराचा अपमान करणारी भामिनी पुढे वनमालेच्या वेषात त्याच्या छावणीत वावरते, आणि आपले नाव बाजूला ठेवल्यावरच तिला त्याचे खरे मोल कळते. भामिनीला जे काम वेषांतराने साधले, तेच बी आणि लेव्ही यांना टोपणनावांनी साधले आहे. नाव, हुद्दा आणि जुना राग हे तिन्ही दूर केल्यावर जो मनुष्य उरतो त्याची ओळख पटावी, हे या साऱ्या युक्त्यांचे प्रयोजन.

मग शास्त्रज्ञांनाच नायक-नायिका करण्यात विशेष काय साधते? एक तर विनोद साधतो. ज्या व्यक्तीचा व्यवसायच मुळी पुरावा तपासण्याचा, गृहीतकाची कसोटी पाहण्याचा, ती व्यक्ती स्वतःच्या मनाच्या बाबतीत मात्र एका निरीक्षणावरून सिद्धान्त मांडते आणि त्याला वर्षानुवर्षे चिकटून बसते. लेव्ही आपल्याकडे पाहत नाही, यावरून तो आपला तिरस्कार करतो, असा निष्कर्ष बी काढते. तो बुजरा असेल, संकोचत असेल, आपल्या मनातील भाव दिसून येईल म्हणून धास्तावत असेल, या पर्यायी स्पष्टीकरणांचा ती विचारच करीत नाही. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर तिनेच त्याची वही परत केली असती. ‘लव्ह, थिऑरेटिकली’मध्ये हाच विनोद दोन शास्त्रशाखांच्या वैराचे रूप घेतो. नायिका सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाची, नायक प्रायोगिक शाखेचा. त्याने तरुणपणी लिहिलेल्या एका फसव्या लेखाने तिच्या गुरूंच्या प्रतिष्ठेला धक्का बसलेला. कागदावर विश्वाची रचना मांडणारी ही संशोधिका समोरच्या माणसाच्या बाबतीत प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षा ऐकीव सिद्धान्तावरच विसंबून राहते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रतिस्पर्धी हा शब्द सहज वापरला जातो, पण त्यात एक मोठी कबुली दडलेली असते. जो आपल्या तोडीचा नाही त्याच्याशी कोणी स्पर्धा करीत नाही. मल्ल आपल्या जोडीचाच मल्ल निवडतो. दुर्बळाशी झुंज घेण्यात त्याला कमीपणा वाटतो. तेव्हा एखाद्या पुरुष शास्त्रज्ञाने एखाद्या संशोधिकेला प्रतिस्पर्धी मानणे म्हणजे तिला बरोबरीची मानणे होय. साहाय्यकाशी, टंकलेखिकेशी किंवा पत्नीशी कोणी स्पर्धा करीत नाही; त्यांच्याकडून मदत घेतली जाते आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले जातात. या कादंबऱ्यांतील भांडण जे वाचकांना हवेहवेसे वाटते, ते या कारणाने. ते भांडण म्हणजे नायिकेच्या बरोबरीचा दाखला असतो. प्रेम आले तरी तो दाखला हरवू नये, हीच त्या कथेतील खरी चिंता असते.

ही चिंता काल्पनिक नाही. प्रयोगशाळेत स्त्री आली की प्रेम येईल आणि प्रेम आले की काम बिघडेल, हा युक्तिवाद स्त्रियांना दाराबाहेर ठेवण्यासाठी दीर्घकाळ वापरला गेला आहे. त्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला भागवत यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार स्त्री आहे या कारणाने त्यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी हार न मानता आग्रह धरला, तेव्हा त्यांना एक वर्षासाठी परीक्षेवर घेण्यात आले; आणि घातलेल्या अटींमध्ये एक अट अशी होती की, त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ नये. पुरुषाचे चित्त ढळले तर जबाबदारी स्त्रीची, हा त्या अटीचा अर्थ. वर्षअखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले आणि त्या संस्थेचे दार पुढील विद्यार्थिनींसाठी उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. १९३९ मध्ये त्यांना तेथील डॉक्टरेट मिळाली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. विवाहानंतर त्या कमला सोहोनी या नावाने प्रसिद्धी पावल्या आणि भारतीयांच्या नित्य आहारातील पदार्थांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले.

हा युक्तिवाद १९३३ सालीच संपला असेही नाही. २०१५ साली सोल येथे भरलेल्या विज्ञान-पत्रकारांच्या जागतिक परिषदेत टिम हंट या नोबेल-विजेत्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, प्रयोगशाळेत स्त्रिया असल्या की प्रेमप्रकरणे उद्भवतात, अशा आशयाचे उद्गार काढले. आपण ते विनोदाने बोललो, असा खुलासा त्याने केला; तरी त्यावरून मोठा गदारोळ उठला. जगभरच्या संशोधिकांनी सुरक्षा-चष्मे, हातमोजे आणि ढगळ संरक्षक पोशाख चढविलेली आपली छायाचित्रे प्रसिद्ध करून त्या विनोदाला विनोदानेच उत्तर दिले. त्यानंतर सहाच वर्षांनी हेझलवूडची पहिली कादंबरी आली. प्रयोगशाळेत प्रेम उद्भवते, हे म्हणणे ती नाकारीत नाही. उद्भवले तर उद्भवो, त्यासाठी स्त्रीने आपले काम का सोडावे, एवढाच प्रश्न ती विचारते.

आता दुसरी बाजू. प्रेम आले, विवाह झाला, दोघे एकाच मेजावर काम करू लागले, तर त्या कामावर नाव कोणाचे लागते? कादंबरीची नायिका ज्या मारी क्यूरीला आदर्श मानते, तिच्या चरित्रात या प्रश्नाचे अत्यंत बोलके उत्तर आहे. पोलंडहून पॅरिसला शिकावयास आलेल्या मारीची आणि पिएर क्यूरीची भेट १८९४ साली झाली, ती कामाच्याच निमित्ताने. पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे काम तिच्याकडे आले होते आणि त्यासाठी तिला प्रयोगशाळेत जागा हवी होती. पिएर हा चुंबकत्वाचा जाणकार. २६ जुलै १८९५ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे प्रयोगशाळेतही वापरता येईल अशा गडद रंगाच्या साध्या पोशाखात वधू उभी राहिली, आणि नवदांपत्य सायकलींवरून फ्रान्सच्या ग्रामीण भागात हिंडावयास गेले. एप्रिल १८९८ मध्ये किरणोत्सर्गासंबंधीचा पहिला निबंध मारीने एकटीच्या नावाने सादर केला. त्यानंतर पिएर आपले काम बाजूस ठेवून तिच्या संशोधनात सामील झाला आणि त्याच वर्षी पोलोनियम व रेडियम या मूलद्रव्यांचा शोध जाहीर झाला. दोघांचे निबंध लिहिताना काय आपण एकटीने केले आणि काय दोघांनी मिळून केले, याची नोंद मारी काटेकोरपणे करीत असे.

एवढी काळजी घेऊनही व्हावयाचे ते होऊ पाहत होते. १९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या सदस्यांनी जी शिफारस धाडली, तीत आंरी बेकरेल आणि पिएर क्यूरी यांची नावे होती. मारीचे नाव नव्हते. स्वीडनचा गणिती मिट्टाग-लेफ्लर याने पिएरला हे कळविले. पिएरने तत्काळ उत्तर पाठविले की, आपला खरोखरच विचार होत असेल तर तो मादाम क्यूरी यांच्यासह व्हावा. त्यानंतर पारितोषिक तिघांमध्ये विभागले गेले. त्या पत्रात शृंगाराचा एकही शब्द नाही. तरी शास्त्रज्ञ पतीने पत्नीसाठी लिहिलेले इतके प्रेमळ पत्र क्वचितच सापडेल. १९०६ मध्ये पिएर रस्त्यावरील अपघातात मृत्यू पावला. १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मारीला एकटीला मिळाले.

पिएरसारखे पत्र लिहिण्याची वेळ सर्वांवर येत नाही आणि आली तरी सर्वजण ते लिहीत नाहीत. कार्ल आणि गर्टी कोरी हे प्राग येथे एकत्र शिकलेले दांपत्य अमेरिकेत स्थायिक झाले. शरीरात शर्करेचे रूपांतर कसे होते, याचा शोध त्यांनी खांद्याला खांदा लावून घेतला. कार्लला एका विद्यापीठाने नोकरी देऊ केली ती पत्नीबरोबर काम करणे सोडावे, या अटीवर. त्याने ती नाकारली. पुढे सेंट लुईस येथे दोघांनाही काम मिळाले; परंतु कार्ल विभागप्रमुख, तर गर्टी साहाय्यक संशोधिका, अशी वर्षे लोटली. गर्टीला पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ मध्ये, दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी.

मारिया ग्योपर्ट-मायर हिची कथा तर या कादंबऱ्यांच्या विषयाशी अगदी जवळची आहे. तिचा पती जोसेफ मायर रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. पतिपत्नींना एकाच विद्यापीठात नोकरी देऊ नये, अशा नियमांमुळे ती वर्षानुवर्षे विनावेतन काम करीत राहिली. अणुकेंद्राच्या रचनेत ठरावीक संख्यांना विशेष स्थैर्य का असते, हे कोडे तिने १९४९ च्या सुमारास सोडविले. त्याच वेळी जर्मनीत हान्स येन्सन आणि त्याचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच उत्तराशी येऊन पोहोचले होते. शोधाच्या क्षेत्रात याहून थेट प्रतिस्पर्धा कल्पिता येत नाही. परंतु या दोघांनी श्रेयासाठी भांडण मांडले नाही. त्यांची मैत्री झाली. १९५५ मध्ये त्यांनी मिळून त्या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक यूजीन विग्नर याच्यासह दोघांना मिळाले. हे प्रेमप्रकरण नव्हते. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या कामातील सत्य ओळखण्याचा जो क्षण या कादंबऱ्या रंगवितात, तो प्रत्यक्षातही येऊ शकतो, याची साक्ष या मैत्रीत आहे.

येऊ शकतो, पण येईलच असे नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये १९५१ साली रोझालिंड फ्रँकलिन रुजू झाली, तेव्हा डी. एन. ए. या रेणूचे क्ष-किरणांच्या साहाय्याने संशोधन करण्याचे काम आपल्याकडे सोपविलेले आहे, असा तिचा समज होता, आणि संचालक रँडल यांच्या पत्रावरून तसा समज होणे स्वाभाविक होते. त्याच विषयावर आधीपासून काम करणाऱ्या मॉरिस विल्किन्सला मात्र त्या पत्राची कल्पना नव्हती. नवी आलेली संशोधिका आपल्या गटात साहाय्यासाठी आली आहे, अशी त्याची समजूत. एका पत्रातून निर्माण झालेला हा गैरसमज कोणी दूर केला नाही. दोघांत अबोला वाढत गेला. जानेवारी १९५३ मध्ये फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेत घेतलेले एक अत्यंत सुस्पष्ट क्ष-किरण छायाचित्र विल्किन्सने तिच्या नकळत जेम्स वॉटसनला दाखविले. त्या रेणूची दुपदरी नागमोडी रचना वॉटसन आणि क्रिक यांनी त्याच वर्षी जाहीर केली. १९५८ मध्ये फ्रँकलिन अवघ्या सदतिसाव्या वर्षी मरण पावली. १९६२ चे नोबेल पारितोषिक क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स यांना मिळाले.

एका योजनेचे दोन प्रमुख, कोणाचा अधिकार कोणता हे अस्पष्ट, वरिष्ठांच्या कारभारामुळे झालेला गैरसमज आणि त्यातून एकमेकांविषयी पक्का झालेला ग्रह: हा सारा मजकूर ‘लव्ह ऑन द ब्रेन’च्या पहिल्या भागाचा आहे आणि किंग्ज कॉलेजच्या इतिहासाचाही आहे. कादंबरीत गैरसमज दूर होतो, यंत्रसामग्री येते, नायक नायिकेच्या बाजूने उभा राहतो. इतिहासात यांपैकी काही घडले नाही. फ्रँकलिन आणि विल्किन्स यांच्यात प्रेम जुळावयास हवे होते, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. त्यांच्यात एक स्पष्ट संभाषण झाले असते तरी पुरे होते. लोकप्रिय कादंबरी वाचकाला जे सुख देते, त्यातले पुष्कळसे सुख हे असे प्रत्यक्षात न झालेल्या संभाषणांचे असते.

या कादंबऱ्यांना मर्यादा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. हेझलवूडचा नायक प्रत्येक पुस्तकात जवळजवळ तोच असतो: धिप्पाड, अबोल, वरून कठोर आणि आतून लोण्यासारखा मऊ. तो नायिकेवर आधीपासूनच अनुरक्त असतो, त्यामुळे तिच्या रागाची किंमत त्याला फारशी मोजावी लागत नाही. संस्थेच्या रचनेतील अन्याय कथेच्या प्रारंभी फार चांगला दाखविला जातो. शेवटाकडे मात्र तो एखाद्या खलपुरुषाच्या माथी मारून मोकळे होण्याकडे कल असतो. खलपुरुष पकडला गेला की वाचकाला हायसे वाटते. पण गर्टी कोरीला सोळा वर्षे दुय्यम पदावर ठेवणारा कोणी एक खलपुरुष नव्हता. ते काम नियमांनी, रिवाजांनी आणि सभ्य माणसांच्या मौनाने केले. ‘हे असेच चालते’ म्हणणाऱ्या अशा सभ्य माणसांना कथेत पकडणे कठीण, आणि सुखान्त कथेत तर अशक्यप्राय.

शिवाय एका चांगल्या पुरुषाने न्याय करावा आणि स्त्रीला तो मिळावा, ही व्यवस्था नाजूक आहे. पिएर क्यूरीने पत्र लिहिले म्हणून १९०३ मध्ये न्याय झाला. त्याने ते लिहिले नसते तर? ज्या न्यायासाठी पतीच्या भलेपणावर अवलंबून राहावे लागते, तो न्याय अपुराच. या कादंबऱ्यांतील अधिक जाणती पाने ती, जेथे नायिका नायकाची मदत नाकारून आपले म्हणणे स्वतः मांडते, किंवा इतर संशोधिकांशी हातमिळवणी करून एखादा अन्याय्य नियम बदलण्यासाठी झटते. बी आणि तिचा अनामिक मित्र पदव्युत्तर प्रवेशाच्या पद्धतीविरुद्ध अशी एक मोहीम चालवितात. तेथे प्रेमकथा क्षणभर मागे पडते आणि कादंबरीला अधिक भरीव आशय लाभतो.

तरीही या मर्यादांसह या प्रकाराने एक गोष्ट साधली आहे. जुन्या प्रेमकथेत नायिकेने प्रेमासाठी काय सोडले, यावर तिच्या प्रेमाची खोली मोजली जाई. तिने घर सोडले, संपत्ती सोडली, नाव सोडले, तर प्रेम खरे. प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञांच्या कथेने हे माप बदलले. येथे नायिका काही सोडीत नाही. तिची प्रयोगशाळा, तिचे गृहीतक, तिचे नाव, एवढेच काय पण वाद घालण्याचा तिचा हक्क, हे सर्व तिच्यापाशीच राहते. आणि एवढे राहूनही जो तिच्यावर प्रेम करू शकतो तोच नायक ठरतो. विवाहानंतरही दोघांनी एकमेकांच्या निबंधांतील चुका दाखवाव्यात, आणि दाखविलेली चूक खरी असेल तर ती मुकाट्याने दुरुस्त करावी, अशा संसाराचे चित्र या पुस्तकांतून उभे राहते.

अशा संसाराला लागणारी माणसे कादंबरीकार निर्माण करू शकतो. त्या माणसांना एकाच विद्यापीठात जागा देणारे नियम, दोघांच्या कामाची वेगवेगळी नोंद ठेवणारी शिस्त, आणि शिफारस लिहिताना दुसरे नावही आठवणीने लिहिणारे हात, हे सारे मात्र विद्यापीठांना आणि समाजालाच घडवावे लागते. बंगळुरूच्या त्या संस्थेत एका वर्षाच्या परीक्षेवर गेलेल्या कमलाबाईंनी कोणाचे मन जिंकण्याचा प्रयत्न केला नव्हता. त्यांनी फक्त आपले काम केले, आणि ते काम पाहणाऱ्याला आपले मत बदलावे लागले.